चौथ्या कार्डाबद्दल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या मिहानमधल्या तुझ्या कार्यालयाच्या कँटीनबाहेर टेबल मांडून बसलेल्या मुलाने तुला ‘आजीवन मोफत’ असे चौथे क्रेडिट कार्ड देऊ केले आणि विमानतळावरच्या लाउंजचे आमिषही दाखवले, असे तू कळवलेस. पुण्याला तू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातेस, त्यामुळे लाउंजचा विषय माझ्यापुरता तिथेच संपतो. मात्र कार्डे नेमकी किती असावीत, या तुझ्या मूळ प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे.

जेवढ्या कार्डांची बिले तू दर महिन्याला स्वतः ओळीओळीने वाचशील तेवढीच कार्डे ठेवावीत, असे माझे मत आहे. आणि तुझा स्वभाव पाहता तो आकडा दोनच्या पुढे जात नाही.

एकच का नको, तेही सांगतो. समजा तुझ्या कार्डाची मर्यादा ६०,००० रुपये आहे आणि महिन्याचा खर्च २५,००० होतो. म्हणजे मर्यादेचा सुमारे ४२ टक्के वापर झाला. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत असलेले बरे, असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि सिबिल या पतमापन संस्थेचा ३०० ते ९०० मधला गुणांक ठरताना ते पाहिले जाते. ९०,००० मर्यादेचे दुसरे कार्ड जोडीला असले तर तोच खर्च १७ टक्क्यांवर येतो. शिवाय संशयास्पद व्यवहारामुळे बँकेने एक कार्ड अचानक बंद केले, तर गाडी अडत नाही. त्यातले एक रुपे या देशी जाळ्याचे असू दे, म्हणजे ते यूपीआयला जोडता येईल आणि गोकुळपेठेतल्या किराणा दुकानात क्यूआर कोडवरही चालेल.

तिसऱ्या कार्डापासून मात्र फायदा फारसा वाढत नाही, विसरण्याची शक्यता तेवढी वाढते. माझ्याकडे एके काळी चार होती. त्यांतले एक विम्याच्या कागदांच्या फाइलीत पडून होते आणि मी ते एकदाही वापरले नव्हते. पहिले वर्ष फुकट गेले. दुसऱ्या वर्षी ४९९ रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के कर मिळून ५८९ रुपये लागले. बिले येत होती, पण मी उघडतच नसलेल्या एका जुन्या ईमेलवर. त्यामुळे त्या ५८९ वर विलंबशुल्क आणि व्याज चढत राहिले. पुढे मुलासोबत घरासाठी संयुक्त कर्जाचा अर्ज केला, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून त्या थकबाकीवर बोट ठेवले. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या माणसाला मुलासमोर ते पाहावे लागले. रक्कम भरून, बँकेचे पत्र मिळवून नोंद दुरुस्त होईपर्यंत आमचे कर्ज अडून राहिले.

बिलावर ठळक छापलेल्या ‘किमान देय रकमे’बद्दलही आताच लिहितो, कारण तीन-चार देय तारखा एकत्र आल्या की माणूस तिचाच आधार घेतो. ही रक्कम साधारणतः बिलाच्या पाच टक्के असते. ४०,००० च्या बिलावर तू २,००० भरलेस, तर उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज आणि त्यावर सुमारे २३९ रुपये कर लागून देणे पुन्हा ३९,५६९ वर जाते. म्हणजे दोन हजार देऊन कर्ज जेमतेम ४३१ रुपयांनी उतरले. त्याहून वाईट म्हणजे बिल पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणून दोन्ही कार्डांना पूर्ण रकमेचे ऑटो-डेबिट लावून ठेव.

आता तुझ्याकडच्या तिन्हींपैकी कोणते बंद करायचे? सर्वांत जुने, त्याला वार्षिक शुल्क नसेल तर, ठेव. जुन्या खात्याचा नियमित इतिहास कामास येतो. ज्याचे शुल्क त्याच्या सवलतींतून वसूल होत नाही ते काढून टाक. आधी बक्षीस गुण वापरून घे, त्या कार्डाला जोडलेली मोबाइलची आणि ओटीटीची वर्गणी दुसरीकडे हलव, बाकी शून्यावर आण आणि मग बँकेला लेखी कळव.  रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. कार्ड कात्रीने कापले म्हणजे खाते बंद झाले, असे समजू नकोस. खाते बंद झाल्याचा ईमेल जपून ठेव आणि दोनेक महिन्यांनी पतअहवालात, म्हणजे तुझ्या कर्जांच्या आणि कार्डांच्या नोंदींच्या अहवालात, ती नोंद झाली का ते पाहा. वर्षातून एकदा हा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो.

कँटीनजवळच्या त्या मुलाला सरळ नाही म्हण. केवळ चौकशी म्हणूनही अर्जावर सही करू नकोस, कारण अर्ज गेला की बँक तुझा अहवाल मागवते आणि त्या विचारणेची नोंद राहते.

रविवारी घरी ये. येताना तिन्ही कार्डांची मागच्या सहा महिन्यांची बिले छापून आण. मोबाइलवरची बारीक अक्षरे आता मला वाचता येत नाहीत.

तुझा,
काका