मंडळाचे ८० काळे टी-शर्ट: एक म्हणतो नगाला २१०, दुसरा ३४०. खरा दर कोणता?

दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघांनी वेगवेगळा माल धरलाय. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मंडळासाठी ८० काळे गोल गळ्याचे टी-शर्ट, पाठीवर भगव्या-पांढऱ्या रंगात मोठं डिझाइन आणि छातीवर छोटा पांढरा लोगो, असं तुम्ही लिहिलंय. यात "नगाला किती?" असं विचारलं की दुकानदार सोयीचा आकडा सांगून मोकळा होतो. त्याऐवजी तीन आकडे सुटे मागा: कोरा टी-शर्ट, स्क्रीनचा (डिझाइन छापायच्या जाळीच्या चौकटीचा) एकदाचा खर्च आणि एका छापाचा खर्च.

खालचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरलेत. तुम्हाला मिळालेले दर घालून तोच हिशेब परत करा.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये रंगागणिक एक स्क्रीन लागतो, आणि छापायची जागा बदलली की तो पुन्हा वेगळा. काळ्या कापडावर भगवा थेट मारला तर मळकट विटकरी दिसतो, म्हणून खाली पांढरा थर द्यावा लागतो. तुमच्या डिझाइनमध्ये पांढरा आहेच, तेव्हा एकाच स्क्रीनवर दोन्ही कामं भागतात. म्हणजे पाठीचे दोन, छातीचा एक. स्क्रीनला ४०० आणि छापाला १० धरले तर १२०० अधिक ८० नगांच्या तीन-तीन छापांचे २४०० मिळून ३६००. नगाला ४५.

दुसरी पद्धत डीटीएफ, म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. तीत स्क्रीन नाही. फिल्मवर छापून, गोंदाची पावडर चिकटवून ती हीट प्रेसनं कापडावर दाबतात. इथं रंग कितीही असोत, पैसे फिल्मच्या मीटरवर. आणि इथंच बरीच मंडळं पैसे घालवतात. फिल्मची छापण्याजोगी रुंदी साधारण ५६ सेंमी. डिझाइन ए-फोर, म्हणजे २१ बाय २९.७ सेंमी ठेवलं तर एका ओळीत दोनच बसतात आणि मीटरमध्ये सहा. ८० नगांना जवळपास १२ मीटर फिल्म. छातीचे लोगो बाजूच्या पट्टीत फुकटात निघतात. तेच डिझाइन १८ बाय २४ मध्ये बसवलं तर ओळीत तीन, मीटरमध्ये बारा. लोगोंसकट ८ मीटरच्या आत काम होतं. मीटरला ३०० धरले तर ३६०० चे २४०० झाले, आणि पाठीवरचा रुंदीत तीन, उंचीत जवळपास सहा सेंमीचा फरक विसर्जन मिरवणुकीत कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणजे फिल्मचे नगाला ३०. पाठ आणि छाती असं दोन वेळा दाबायचे १० धरा, एकूण ४०.

म्हणजे ८० नगांना डीटीएफ थोडं स्वस्त. १२० नगांवर दोन्ही सारखे, त्यापुढे स्क्रीन. २०० नग असतील तर स्क्रीन ३६ वर येतो, डीटीएफ ४० वरच राहतं.

सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाई कापडात मुरवायची पद्धत, कुणी सुचवलं तर सोडून द्या. ते पॉलिस्टरवर आणि फिकट रंगावरच चालतं, त्यात पांढरी शाईच नसते. तालमीच्या फुटबॉल जर्सीवर, जिथं प्रत्येकाचं नाव-नंबर वेगळा, तिथं मात्र तेच बरं.

आता मोठा खर्च, कापड. २१० आणि ३४० मधला फरक मुख्यतः इथलाच असणार. इचलकरंजी शेजारी आहे म्हणून टी-शर्ट स्वस्त पडेल असं समजू नका. तिथं यंत्रमागावर विणलेलं कापड निघतं. टी-शर्टचं होजिअरी कापड वेगळं, आणि त्याचा मोठा बाजार तमिळनाडूत तिरुप्पूरला. सुती, बायोवॉश (एन्झाइमनं धुऊन गुळगुळीत केलेलं), १८० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) असं कोटेशनवर लिहून घ्या. दोघांचा एकेक एल साइजचा नग किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलात तरी हलका कुठला ते समजेल.

गणपतीचं काम म्हणजे भर पावसाळ्यातलं काम, आणि बिघडतं ते ओलीनं. दमट हवेत डीटीएफची पावडर फिल्मवर नको तिथं चिकटते आणि डिझाइनभोवती खरखरीत कडा राहते. टी-शर्टमध्ये ओल असली तर छाप नीट धरत नाही. म्हणून फिल्म ठेवण्याआधी कोरा टी-शर्ट चार-पाच सेकंद दाबून घ्यायला सांगा. फिल्म सोलल्यावर पुन्हा एकदा दाबलं नाही तर दोन-चार धुण्यांत कोपरे उचलतात. स्क्रीनच्या प्लास्टिसोल शाईला साधारण १६० अंशांची उष्णता लागते. घाईत ती कमी पडली की कापड ताणल्यावर छापाला भेगा जातात.

म्हणून पूर्ण ऑर्डरआधी एक नग छापून घ्या. तो २४ तास ठेवा, उलटा करून धुवा, वाळल्यावर दोन्ही हातांनी ताणून बघा. जीएसटी धरून की वेगळा, तेही आधीच विचारा. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे. डबल एक्सएलच्या पुढं बरेच जण जादा लावतात, त्यामुळे साइजची यादी दर ठरवतानाच द्या. आणि ८० ऐवजी ८३ कोरे घ्या, छपाईत एखाद-दुसरा वाया जातोच.