घटस्फोटानंतर नववीतल्या मुलाचं क्रिकेट त्याची आई एकटी बंद करू शकते का? (ताबा तिच्याकडे, मुलुंड, प्रॅक्टिस शिवाजी पार्कला)

कन्सेंट टर्म्समध्ये (घटस्फोटावेळी दोघांनी मिळून कोर्टात दिलेल्या लेखी अटींमध्ये) "शिक्षण आणि इतर महत्त्वाचे निर्णय दोघांनी मिळून" असं लिहिलेलं असेल तर नाही, तिला एकटीला बंद करता येत नाही, आणि तुम्हालाही एकट्याला रेटता येत नाही. मी बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात वकिली करते, असली भांडणं नेहमीची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या ताब्याचा, शिक्षणाचा आदेश नंतरही अर्ज करून बदलून घेता येतो आणि त्यात शक्य तिथे मुलाची इच्छा बघायची असं कायद्यातच आहे, नववीतल्या पोराला तर नीट विचारतातच. पण टर्म्समध्ये असं काही नसेल तर रोजच्या व्यवहारात ज्याच्याकडे मूल राहतं त्याचंच चालतं हे धरून चला.

कोर्टात जायच्या आधी एक कागद करा:
- आठवड्यात प्रॅक्टिस किती दिवस, परीक्षेआधी किती दिवस सुट्टी
- क्लासची वेळ, आणि फी कोण भरणार

आणि खरं सांगू का, पहाटे साडेपाचची लोकल, खांद्यावर किटबॅग, दादरला उतरून दोन तास नेट्स आणि मग शाळेत शेवटच्या बाकावर पेंगणारं पोर, हे रोज ती बघते, तुम्ही नाही. मुलुंड-ठाण्यातच जवळचं कोचिंग मिळालं तर निम्मं भांडण तिथेच मिटेल. दहावीला बोर्डाचे खेळाचे वाढीव गुण असतात म्हणून तिला पटवायला जाऊ नका, ते ठराविक स्तरावर खेळलेल्यांनाच मिळतात.