सतरा गोल खाल्ले, पण कुठून?

वाचकांचे प्रश्न : मैदान

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी क्रीडाशिक्षक आहे. यंदा आमचा फुटबॉल संघ विभागीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाद झाला आणि नंतर निमंत्रितांच्या साखळीत पाचही सामने हरला. सहा सामन्यांत ३ गोल केले, १७ खाल्ले. त्यातले ११ उत्तरार्धात. मुलांचा स्टॅमिना कमी पडतो असं वाटून रोज मैदानाला १५ फेऱ्या मारायला लावतो. फरक शून्य. गोलांचा तक्ता सोबत जोडला आहे.

उत्तर : सर, तक्ता जोडलात म्हणून काही बोलता येतं. नाहीतर हरलेल्या संघाच्या पत्रात स्कोअर आणि रेफ्रीच्या तक्रारी एवढंच असतं. तुमचा हिशेब असा : ७ गोल कॉर्नर आणि फ्री किकवर, ४ मधल्या पट्ट्यात आपणच बॉल घालवल्यावर, ३ बॅकच्या डोक्यावरून आलेल्या लांब बॉलवर, २ पेनल्टी, १ स्वयंगोल. दमछाक आहेच, पण पहिल्या सात गोलांचा तिच्याशी फारसा संबंध नाही. तिथे सगळे उभेच असतात. चुकीच्या जागी उभे असतात, एवढंच.

कॉर्नरला अकरा जणांची वाटणी आधी कागदावर करा. कीपर गोललाइनच्या अर्धा-एक मीटर पुढे. जवळच्या खांबाशी एक. साडेपाच मीटरच्या छोट्या बॉक्सच्या रेषेवर तिघे, हे माणूस राखणार नाहीत, जागा राखतील. हेडिंगला सगळ्यात चांगली पोरं इथे. समोरच्या धिप्पाड चौघांना चिकटून चौघे. मोठ्या बॉक्सच्या तोंडाशी एक, परत आलेल्या बॉलसाठी. आणि एक वर, मध्यरेषेजवळ. त्याच्यामुळे समोरचे निदान दोघे मागे अडकतात. लहान संघ घाबरून त्यालाही खाली बोलावतात, मग क्लीअर केलेला प्रत्येक बॉल फिरून आपल्याच बॉक्समध्ये येतो.

मार्किंग करणारी, म्हणजे समोरच्याला चिकटून राहणारी मुलं बहुतेक वेळा फसतात ती बॉलकडे बघत राहिल्यामुळे. आपण राखतोय तो समोरचा माणूस आणि गोल यांच्या मधे उभं राहायचं, अंग अर्धं वळलेलं, एक हात त्याच्या अंगाला हलका लागलेला. धरायचं नाही, ओढायचं नाही; तुमच्या दोन पेनल्टी कशावरून गेल्या ते याच नजरेनं एकदा पाहा.

दुसरी चूक बॉल बाहेर मारल्यानंतर होते. कॉर्नरच्या थेट किकवर ऑफसाइड (बचावफळीच्या मागे उभं राहून पास घेण्याचा दोष) नसतं, पण तोच बॉल कुणी परत आत टाकला की असतं. आणि त्या वेळी खांबाशी उभा राहिलेला आपला एकटा पोरगा समोरच्या सगळ्यांना ऑनसाइड ठेवतो. म्हणून बॉल बॉक्सबाहेर गेला की कीपरनं ‘बाहेर!’ ओरडायचं आणि सगळ्यात आधी खांबावाल्यानं पळायचं. आठवड्यातून दोनदा १२-१२ कॉर्नर घ्या, सहा डावीकडून, सहा उजवीकडून. समोर खरोखर धक्के देणारी पोरं उभी करा. रिकाम्या बॉक्समध्ये सगळ्यांचंच हेडिंग छान असतं.

आता उत्तरार्ध. पुढचा स्ट्रायकर आणि मागचा स्टॉपर यांच्यातलं अंतर ३५-४० मीटरच्या आत राहिलं तर संघ एकसंध दिसतो. तासाभरानं पुढचे परत येणं सोडतात, मागचे भीतीनं खाली सरकतात आणि मधे मोठं भगदाड पडतं. तुमचे ‘मधल्या पट्ट्यातले’ चार गोल कितव्या मिनिटाला झाले ते तपासा, बहुधा इथलेच निघतील. यावर १५ फेऱ्यांचा उपाय चालत नाही. सामन्यात कुणी एका लयीत पळत नाही; दहा मीटरची धाव, थांबणं, वळणं, टक्कर, पुन्हा धाव असं चालतं. फेऱ्या बंद करून ३० बाय २० मीटरच्या चौकटीत चारास चार खेळवा : ४ मिनिटं खेळ, २ मिनिटं विश्रांती, असे ५ डाव. आठवड्यात दोनदा पुरे. सामन्याच्या आदल्या दिवशी फक्त हलका सराव आणि फ्री किक. आणि बदली खेळाडू ७५ व्या मिनिटापर्यंत राखून ठेवू नका, पाय संपलेला हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) साठाव्या मिनिटालाच बाहेर काढा.

लांब बॉलवरचे तीन गोल आत्ता बाजूला ठेवा. हे अंतर आवरलं की त्यातले काही आपोआप थांबतील. पुढच्या मोसमात गोल झाला की मिनिट, बॉल कुठे गेला, पास कुठून आला आणि मोकळा कोण होता, एवढं बाकावरच्या एकानं लिहायचं. शक्य असेल तर गॅलरीच्या वरच्या पायरीवरून फोन आडवा धरून सामना शूट करा. साइडलाइनवरच्या शूटिंगमध्ये पाय दिसतात, अंतर दिसत नाही.

प्रश्न : मी कॉलेज संघाचा कॅप्टन. आमचे चौघे तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या क्लबच्या संघाकडूनही खेळतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुसऱ्या दिवशी कॉलेजला लंगडत येतात. हरायला लागल्यापासून बाकीचेही गळायला लागलेत, सरावाला १२-१३ जण उरतात.

उत्तर : तालीम सोडा असं कोल्हापुरात कुणाला सांगून उपयोग नाही, आणि सांगूही नये. दोन्हीकडचं वेळापत्रक एका कागदावर आणा. आदल्या दिवशी पूर्ण सामना खेळलेल्याला दुसऱ्या दिवशी अकरात घेऊ नका, कितीही मोठं नाव असो. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, तिथेच जातो. सरावाआधी वीस मिनिटांत ‘फिफा ११ प्लस’चा वॉर्मअप बसतो, त्यातला गुडघ्यावर बसून, जोडीदारानं घोटे धरून हळूहळू पुढे झुकण्याचा व्यायाम पोरांना आवडत नाही, पण हॅमस्ट्रिंगसाठी तोच कामाचा. सुरुवातीला ३-५ वेळाच करा, दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतील.

१२ जणांत सहा-सहाचा उत्तम सराव होतो, त्याचं दुःख नको. सामन्याला मात्र मोजून या : सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर नियमानं सामना सुरूच होत नाही.

प्रश्न : आमच्या कीपरनं बॉल हातात धरून ठेवला म्हणून रेफ्रीनं समोरच्यांना कॉर्नर दिला. त्यावर गोल होऊन हरलो. इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) हवी होती ना?

उत्तर : तो जुना नियम. २०२५-२६ पासून मर्यादा सहाऐवजी आठ सेकंदांची झाली आणि शिक्षा कॉर्नरची. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो. तो हात दिसला की बॉल सोडायचा. रेफ्री बरोबर होता.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत शिकते. तिच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ बारापैकी दोनच सामने जिंकला, तरी स्टेडियम भरतं म्हणे. असा संघ खालच्या गटात जात नाही का? (पुणे)

उत्तर : तिथला फुटबॉल म्हणजे हातात घेऊन पळायचा, लंबगोल चेंडूचा. वरच्या-खालच्या गटात बढती-घसरण नाही, कितीही हरलं तरी संघ आपल्या गटातच राहतो. नियमित मोसम साधारण १२ सामन्यांचा. ६ जिंकले की मोसमाअखेरच्या ‘बोल’ सामन्यासाठी पात्र. हरणाऱ्या विद्यापीठाकडे चांगली शाळकरी पोरं येत नाहीत, म्हणून ते पुन्हा हरतं; या फेऱ्यात संघ वर्षानुवर्षं अडकतात. टेक्सासमधलं प्रेअरी व्ह्यू १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने हरलं. नॉर्थवेस्टर्न १९७९ ते १९८२ मध्ये सलग ३४ हरलं. १९८२ मध्ये ती साखळी तुटली तेव्हा विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उपटून मिशिगन सरोवरात टाकले. तेच विद्यापीठ १९९५ च्या मोसमात आपल्या गटात पहिलं येऊन रोझ बोल हा मानाचा ‘बोल’ सामना खेळलं.

पण शिकण्यासारखं उदाहरण कॅन्सस स्टेटचं, आणि ते पहिल्या पत्रातल्या सरांनीही वाचावं. १९८९ मध्ये बिल स्नायडर प्रशिक्षक झाले तेव्हा संघ दोन वर्षांहून जास्त काळ एकही सामना जिंकला नव्हता. पहिल्या मोसमात त्यांनाही एकच विजय मिळाला, नॉर्थ टेक्सासवर २०-१७, तोही शेवटच्या क्षणी. पुढच्या वर्षी पाच. त्यांनी दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून तयार खेळाडू आणले आणि गटाबाहेरचे सामने झेपतील अशा संघांशी ठरवले. टीका झाली. १९९८ च्या नियमित मोसमात तो संघ अपराजित होता. सर, पुढच्या मोसमाआधी मैत्रीचे सामने ठरवाल तेव्हा विजेत्या संघाला बोलावू नका. यंदा तुमच्यासारखेच तळाला राहिलेले दोन संघ शोधा.