लाल टोपण की नारिंगी?

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून दोन महिन्यांपूर्वी एका खासगी हॉस्पिटलमध्ये लागले. परवा रात्रपाळीत एका काकूंना जेवणाआधी २० युनिट इन्सुलिनची ऑर्डर होती. व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, नेहमीची, ४० ची. वॉर्डातल्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून नारिंगी टोपणाची घेऊन आले. मी सीनियरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, २० म्हणजे २०. दे पटकन.” मी दिलं. सकाळी उपाशीपोटी साखर ३१०! माझं चुकलं का? आता कुणाला सांगू की गप्प बसू?
– एक स्टाफ नर्स, सांगली

उत्तर : चुकलं. पण तुला शंका आली होती, आणि ती बरोबर होती. ४० च्या व्हायलमध्ये एका मिलीत ४० युनिट असतात. तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १०० च्या इन्सुलिनसाठी, तिच्यावर एका मिलीला १०० युनिट. तू २० च्या रेघेपर्यंत ओढलंस म्हणजे ०.२ मिली. काकूंना मिळाले फक्त ८ युनिट. साखर वाढायला आणखीही कारणं असतील, पण हे एक नक्की.

उलटी चूक मी केलेली आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली. एका आजोबांच्या इन्सुलिन पेनची सुई संपली होती. मी पेनच्या कार्ट्रिजमधूनच (आतल्या औषधाच्या नळीतूनच) लाल टोपणाच्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. कार्ट्रिज १०० चं! ०.३ मिली, म्हणजे ३० युनिट. साडेदहाच्या राउंडला आजोबांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला, आणि ते मला म्हणतायत, “बैल सोडायचेत, गाडी जुंपलीय अजून.” आधी वाटलं, म्हातारं माणूस, झोपेत बरळतंय. हाताला हात लागला तर गार. ग्लुकोमीटरवर साखर फक्त ४१. डॉक्टरांना हाक मारली, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) गेलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, “बाई, तुमचा हात का कापतोय?”

तेव्हा गप्प बसू नकोस. आजच डॉक्टरांना सांग : कोणती व्हायल, कोणती सिरिंज, किती वाजता, प्रत्यक्षात किती युनिट गेले. तेच नर्सिंग नोट्समध्ये लिही. आधीची नोंद खोडू नकोस, त्यावर व्हाइटनर तर अजिबात नको. राहिलेले १२ युनिट आपल्या मनाने देऊन हिशोब पुरा करायला जाऊ नकोस. पुढचा डोस डॉक्टर ठरवतील. आणि कुणी सांगेल, “नारिंगी असली तर अडीचपट ओढायचं, २० ला ५०.” गणित बरोबर आहे. तरी करायचं नाही. पहाटे चार वाजता तीन बेल वाजत असताना ही गणितं कशी होतात, ते मला माहीत आहे. लाल सिरिंज येईपर्यंत थांब आणि उशीर होतोय हे डॉक्टरांना कळव.

इन्सुलिन भरल्यावर दुसऱ्या सिस्टरला व्हायल आणि सिरिंज दोन्ही दाखवायची, आणि तिने आकडा मोठ्याने वाचायचा. “बरोबर आहे ना?” असं विचारलं की कोणीही “हो” म्हणतं. “किती दिसतंय?” असं विचार. ऑर्डर उतरवताना ‘युनिट’ पूर्ण लिही. नुसता इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट वॉर्डात आल्याशिवाय टोचू नकोस. कँटीनवाल्याचं “आलंच” मी ऐकलेलं आहे.

सीनियरशी वाद घालू नकोस. दोन्ही सिरिंज शेजारी-शेजारी धरून दाखव, रेघाच बोलतील. मी फ्रिजमध्ये व्हायलच्या डब्यालाच लाल सिरिंजचं पाकीट रबरबँडने बांधून ठेवायचे. फ्रिज पुसताना मावशी ते सोडून ठेवायच्या, मी परत बांधायचे.