क्लच ३४ हजारात गेला, दोष कुणाचा? (गाडीवाल्यांचे प्रश्न)

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. जेमतेम ३४ हजार किलोमीटर झालेत आणि वर्कशॉपवाले म्हणतात क्लच प्लेट संपली, पूर्ण सेट टाकावा लागेल. वॉरंटीत बसत नाही म्हणे, कारण "तुमचं ड्रायव्हिंगच तसं आहे". माझ्या आतेभावाकडे हीच गाडी आहे, तो नाशिक-धुळे फिरतीवर असतो, त्याची १ लाख १० हजार झाली तरी ओरिजिनल क्लच आहे. मी रोज सिंहगड रोडवरून हिंजवडीला जाते. मला गंडवतायत का?

उत्तर : ताई, गंडवत असतीलही, पण आतेभावाशी तुलना करू नका. क्लचला किलोमीटर कळतच नाहीत हो. पेडल पूर्ण वर असतं तेव्हा प्लेट फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोरावर तिला दाबून धरणारी) यांच्या मध्ये घट्ट दाबलेली असते, सगळं एकत्र फिरतं, घासायला काही उरतच नाही. पेडल पूर्ण खाली दाबलं की प्लेट मोकळी, तेव्हाही ती झिजत नाही. झिजते ती फक्त मधल्या वेळात, म्हणजे आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तेव्हा, कारण एक बाजू जोरात फिरतेय, दुसरी हळू, आणि दोन्ही एकमेकांवर घासतायत. तुमचा भाऊ टॉप गिअर टाकून तासभर क्लचला पाय लावत नसेल, आणि तुम्ही वाकडच्या पुलाखाली दहा मिनिटांत पन्नास वेळा लावता. त्यामुळे ३४ हजार ऐकून मला धक्का बसला नाही, शहरात चाळीस-पन्नास हजारात क्लच गेलेल्या गाड्या पुष्कळ असतात, आणि हायवेवर लाखाच्या पुढे गेलेल्याही.

तरीपण "तुमचं ड्रायव्हिंग" हे एक वाक्य टाकून कुणी मोकळं होत असेल तर तसं होऊ देऊ नका. गिअरबॉक्स उतरवतील तेव्हा तिथे हजर राहा आणि जुनी प्लेट हातात मागा. अस्तर दोन्ही बाजूंनी सारखं झिजून रिवेटपर्यंत आलंय आणि फ्लायव्हीलवर निळसर-काळे डाग आहेत, तर ती हाफ क्लचने तापून गेली, वाद संपला. पण प्लेट तेलकट असेल, तर इंजिनच्या मागचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतंय, त्यात तुमचा काही दोष नाही, आणि सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तेल पिऊन घसरणार. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटल्या असतील किंवा एकच बाजू खाल्ली गेली असेल तरी कारण विचारा. क्लचला झिजणारा पार्ट धरतात म्हणून साधी झीज वॉरंटीत सहसा घेत नाहीत हे खरंय, पण बिघाड आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी.

खर्चाचं म्हणाल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलून प्लेट मोकळी करतं ते) तिन्ही एकदमच टाका. गिअरबॉक्स उतरवायचं लेबर एकदाच लागतं, आणि दोन पैसे वाचवायला नुसती प्लेट टाकली आणि सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं की सगळं परत उतरवा.

आता सवयींचं. ड्रायव्हिंग क्लासमध्ये आपल्याला एकच भीती घालतात, गाडी बंद पडता कामा नये, आणि त्या भीतीपोटी पाय आयुष्यभर क्लचवर राहतो. नुसता टेकवलेला पाय सुद्धा बेअरिंगवर सतत थोडा दाब ठेवतो, आणि प्लेट किंचित सैल झाली तर ती घसरते. गिअर पडला की पाय डावीकडे खाली टेकवा. जॅममध्ये पुढची गाडी चार फूट सरकली की आपण सरकायचं हे सोडा, थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून जा. मध्ये रिक्षा घुसेल, घुसू दे. रिक्षा एक घुसते, क्लच मात्र हजारो रुपयांचा.

आणि चढावर गाडी क्लचवर तोलून धरणं, हा तर सगळ्यात महागडा शौक. माझ्या पहिल्या गाडीचा क्लच मी सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्स घेऊन घेऊनच जाळला, रोज दोनदा, वॉचमन नाक दाबून उभा असायचा तरी मला कळलं नाही. हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडत गाडीचं नाक जरा उचललं की हँडब्रेक सोडा, झालं.

प्रश्न : सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून थांबायचं की न्यूट्रल?

उत्तर : न्यूट्रल, आणि पाय बाजूला. क्लच दाबून धरला की तेवढा वेळ रिलीज बेअरिंगवर दाब राहतो. क्लच दाबल्यावर खरखर येते आणि सोडल्यावर थांबते असं होत असेल तर बेअरिंग आधीच कुरकुरायला लागलंय.

प्रश्न : मे महिन्यात लोणावळ्याला जाताना बोरघाटात दीड तास जॅम होता, क्लच जळाल्याचा वास आला. आता गाडी ठीक चालतेय. बदलायचा का?

उत्तर : एकदा वास आला म्हणून लगेच नको. तेव्हा बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ दिला असता तर उत्तम. आता मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या स्पीडला एक्सलेटर जोरात दाबून बघा. आरपीएमचा काटा उडाला आणि गाडी उचलली नाही, तर क्लच स्लिप होतोय. पहिल्या गिअरला निघताना गाडी थरथरत असेल तरीही दाखवून घ्या. केबलचा क्लच असेल तर झीज होत जाईल तसं पेडल वर येऊन पकडतं, ते जाणवतं. हायड्रॉलिकमध्ये (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच) मात्र ते आपोआप भरून निघतं, म्हणून पेडल ठीक आहे यावर जाऊ नका. आणि उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये अजिबात नाही, गिअरमध्येच उतरा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाटात ते तापले की मग क्लचची काळजी करायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) घेतली की क्लचची कटकट संपली ना?

उत्तर : पेडलची संपली. आत प्लेट तीच, फक्त ती दाबायला तुमच्या पायाऐवजी यंत्र असतं. चढावर एक्सलेटरवर गाडी धरून ठेवलीत की ते यंत्रही हाफ क्लचच करतं. ब्रेक दाबून थांबा.