जपानची सहल: रेल पास नको, लोनही नको, भाऊबीज करून निघा

ठाण्यातून, कोलशेत रोडवरून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत, मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. 28 एप्रिल ते 7 मे अशी जपानची सहल ठरते आहे: टोकियो, क्योटो, ओसाका आणि परत टोकियो. खर्चाचा अंदाज साडेआठ लाख, हाताशी साडेपाच. उरलेल्या 3 लाखांसाठी 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं की 4 लाखांची एफडी मोडावी? आणि चौघांचे सात दिवसांचे जपान रेल पास, म्हणजे त्या मुदतीत रेल्वेने हवं तितकं फिरू देणारे पास, आत्ताच घेऊन ठेवावेत का?

ताई, 3 लाख कुठून आणायचे हे नंतर बघू. आधी ते कमी का पडताहेत ते पाहायला हवं.

शाळा सुटलेली असते आणि 1 मेची एक रजा वाचते, म्हणून तुम्ही या तारखा धरल्यात. पण 29 एप्रिल ते 5 मे हा जपानचा 'गोल्डन वीक'. सरकारी सुट्ट्या लागोपाठ येतात आणि गणपतीला चाकरमानी कोकणात निघावेत तसा सगळा देश बाहेर पडतो. हॉटेलं महागतात. नोझोमी ही तिथली सगळ्यात वेगवान शिंकानसेन (बुलेट ट्रेन) त्या दिवसांत पूर्ण आरक्षित असते, बिनआरक्षणाचा डबाच नसतो. सगळ्यात महागड्या आठवड्यात, तेही कर्ज काढून जायचं, हे मला पटत नाही.

आता पास. सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 येन झाली. तो घ्यावाच हा सल्ला त्याआधीचा आहे आणि अजून सगळीकडे फिरतो आहे. मुलीचं वय 12 च्या पुढे, म्हणजे तिला पूर्ण दर, मुलाला अर्धा. चौघांचे झाले 1,75,000 येन. उलट टोकियो ते क्योटो सुटं तिकीट माणशी साधारण 14,000 येन, म्हणजे तुमचे 49,000. जाताना टोकियोला उतरा आणि परतीचं विमान ओसाकाच्या कानसाई विमानतळावरून घ्या. टोकियोला परत यायचा अख्खा प्रवास वाचतो, अर्धा दिवसही वाचतो. विमानतळाच्या गाड्या धरूनही बेरीज 75,000 येनच्या आसपास राहील. येनला 60 पैसे धरले तर हे 60,000 रुपये वाचले. हिरोशिमा जोडलंत तरी पास परवडत नाही, आणि नोझोमीसाठी पासवर वेगळे पैसे भरावे लागतातच.

शिंकानसेनचं आरक्षण सहसा प्रवासाच्या एक महिना आधी उघडतं आणि तारीख जवळ आली म्हणून विमानासारखं भाडं चढत नाही. त्यामुळे रेल्वेचा पैसा आज अडकवू नका. आधी विमान, मग रद्द करता येणारी हॉटेलं, रेल्वे सगळ्यात शेवटी.

लोनचा हप्ता येतो साधारण 14,400 रुपये आणि दोन वर्षांत व्याज जातं 45,700 च्या घरात. हा हप्ता भरायची तुमची तयारी आहे ना? मग तोच फेब्रुवारीपासून आरडीत टाका. ऑक्टोबरपर्यंत 1,29,600 जमतील. पासचे 60,000 वगळून तुम्हाला 2,40,000 कमी पडत होते, उरले 1,10,000. दोघांचा मिळून दिवाळी बोनस तुम्ही 1,40,000 लिहिला आहे. तो तिकडच्या खाण्यापिण्याला, फिरण्याला वापरा.

एफडीला हात लावू नका. निव्वळ व्याजाचं गणित केलं तर लोनपेक्षा एफडी मोडणं स्वस्त पडतं, हे खरं आहे. पण घराचा हप्ता 46,000 आहे, आणि एकाची नोकरी गेली तर आधाराला हे 4 लाखच आहेत.

म्हणून माझं मत दिवाळीचं. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. सासूबाईंना दिवाळी घरीच हवी असं तुम्ही लिहिलंत, तर भाऊबीज करून निघा. त्या सुमारास जपानमध्ये थंडी बेताची असते. मात्र क्योटोत पानं लाल होऊ लागतात आणि महिनाअखेरीकडे खोल्या महाग होत जातात, तेव्हा क्योटोचं बुकिंग आधी करा. दिवाळीत आपल्याकडून जाणारी विमानंही स्वस्त नसतात, म्हणून तिकिटं उन्हाळ्यातच बघायला लागा. 10 मेनंतर निघालात तरी गोल्डन वीक टळतो आणि तिथला जूनचा पावसाळाही गाठत नाही, पण मग लोन चुकत नाही. मुलांच्या शाळेने दिवाळीत पुरेशी सुट्टी दिली नाही, तर पुढच्या वर्षीचा मे धरा.

दिल्लीमार्गे तिकीट घेतलंत तर विमान कुठून सुटतं आणि परत कुठे उतरतं ते नीट वाचा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. तो उलव्याला आहे, कोलशेतहून लांब पडतो. चार बॅगा आणि दोन पेंगुळलेली मुलं घेऊन जाण्यायेण्याचं टॅक्सीभाडं तिकिटाच्या किमतीत धरूनच तुलना करा.