कोथिंबीर माना का टाकते?

प्रश्न : पूर्वेकडच्या गॅलरीत धणे पेरले. छान उगवले, पण आठवड्यात रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. खत कमी पडलं का?

उत्तर : खत नव्हे, पाणी जास्त झालं. रोपं अशी बुडाशी कुजून आडवी होण्याला मर म्हणतात. पेरणी दाट आणि माती सतत ओली असली की बुरशी बुडालाच धरते. ती माती उन्हात वाळवा. नव्याने भरताना 2 भाग माती, 1 भाग गांडूळखत, 1 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. ट्रे 6 इंच खोल, तळाला भोकं हवीतच. धणे लाटण्याने रगडून फाका करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या, तेही सकाळी. साधारण 40 दिवसांनी कात्रीने बाहेरची पानं कापा, उपटू नका. कोवळे देठ वाटणात घाला. खरा वास त्यातच. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर चटकन फुलावर येते, तेव्हा पुदिना बरा.